वॉर्डातलं कॉलिंग नाकारणं, बदलून घेणं, सोडणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

द चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्समध्ये, म्हणजे लोक ज्याला मॉर्मन चर्च म्हणतात तिथे, वॉर्डात (स्थानिक मंडळीत) किंवा शाखेत (लहान मंडळीत) पगारी पाद्री नसतो. वॉर्डाचा प्रमुख, म्हणजे बिशप, आठवडाभर स्वतःची नोकरी करतो आणि संध्याकाळी लोकांना भेटतो. मुलांना शिकवणं, पियानो वाजवणं, हिशोब ठेवणं, आजारी माणसाच्या घरी जेवण पोचवणं, सगळं सभासदच करतात; अशा नेमून दिलेल्या बिनपगारी कामाला कॉलिंग म्हणतात. त्यामुळे आज ना उद्या प्रत्येकाला विचारणा होते. ही उत्तरं अमेरिकेतल्या वॉर्डांत जाणाऱ्या आणि भारतातल्या छोट्या शाखांत काम करणाऱ्या मराठी सभासदांसाठी आहेत.

कॉलिंग नाकारलं तर चालतं का?

चालतं. विचारणारा तुमची तयारी आहे का असंच विचारतो, आणि त्या प्रश्नाला दोन्ही उत्तरं असतात. नकारासाठी शिस्तभंगाची कारवाई नाही, सभासदत्वावर नोंद नाही. मात्र आमचा अनुभव सांगतो की सरळ नकाराची वेळ फार कमी येते. हो आणि नाही यांच्यामध्ये बरीच जागा असते: वेळ कमी करून घेता येतो, सोबत माणूस मागता येतो, दोन महिने पुढे ढकलता येतं. ही जागा पहिल्याच भेटीत वापरली तर दोघांचंही भलं होतं.

मग ‘नाही म्हणायचंच नसतं’ असं जुने सभासद का सांगतात?

त्याला इतिहास आहे. एप्रिल १९५१ च्या सर्वसाधारण परिषदेत जे. रूबेन क्लार्क यांना चर्चच्या अध्यक्षांच्या पहिल्या सल्लागाराच्या जागेवरून दुसऱ्या सल्लागाराच्या जागेवर आणलं गेलं. त्या वेळी ते म्हणाले की सेवा कुठे करतो याला महत्त्व नाही, कशी करतो याला आहे. नेमलेली जागा माणूस मागतही नाही आणि नाकारतही नाही. हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या वॉर्डांत सांगितलं गेलं. शिवाय टेम्पलमध्ये, म्हणजे चर्चच्या पवित्र विधींच्या मंदिरात, आपला वेळ आणि गुण देवाच्या कामाला वाहण्याचा करार केलेला असतो, आणि नकार म्हणजे त्या कराराचा भंग असं अनेकांना मनापासून वाटतं.

ही भावना आम्ही हलकी मानत नाही. पण त्याच धर्मग्रंथांत दुसरी बाजूही स्पष्ट आहे. बुक ऑफ मॉर्मनमधल्या मोसाया ४:२७ मध्ये राजा बेंजामिन गरिबांना मदत करायला सांगतो आणि लगेच बजावतो की ताकदीपेक्षा जोरात धावायची गरज नाही. डॉक्ट्रिन अँड कव्हेनंट्स १०:४ मध्ये भाषांतराच्या कामात असलेल्या चर्चच्या संस्थापक जोसेफ स्मिथलाही तेच सांगितलं आहे. आणि चर्चचं जनरल हँडबुक, जे २०२० पासून कुणालाही वाचता येतं, नेत्यांना सांगतं की विचारण्याआधी त्या माणसाची परिस्थिती बघा आणि कुटुंबावर जास्तीचा भार टाकू नका. तीस क्रमांकाचं प्रकरण कॉलिंगवर आहे. चर्चच्या गॉस्पेल लायब्ररी अॅपमध्ये ते अर्ध्या तासात वाचून होतं. बिशपला भेटायला जाण्याआधी जरूर वाचा.

विचारणा कशी होते? आधी कुणी काय ठरवलेलं असतं?

समजा प्रायमरीत, म्हणजे मुलांच्या विभागात, शिक्षिका हवी आहे. प्रायमरीच्या अध्यक्षा प्रार्थना करून एक नाव सुचवतात. बिशप आणि त्यांचे दोन सल्लागार त्यावर बोलतात आणि ठरवतात. मग एक्झिक्युटिव्ह सेक्रेटरीचा मेसेज येतो: ‘रविवारी सभेनंतर दहा मिनिटं ब्रदर अमुक यांना भेटाल का?’ मेसेजमध्ये विषय लिहिलेला नसतो. भेटीत बिशप किंवा एखादा सल्लागार विचारतो. तुम्ही हो म्हणालात की पुढच्या सॅक्रमेंट मीटिंगमध्ये, म्हणजे रविवारच्या मुख्य सभेत, तुमचं नाव वाचलं जातं, लोक उजवा हात वर करून पाठिंबा देतात, आणि नंतर डोक्यावर हात ठेवून तुम्हाला त्या कामासाठी सेट अपार्ट, म्हणजे आशीर्वाद देऊन नियुक्त, करतात.

काही कॉलिंग बिशपच्या हातात नसतात. उदाहरणार्थ, एल्डर्स कोरमच्या, म्हणजे पुरुषांच्या संघटनेच्या, अध्यक्षाला स्टेकचं, म्हणजे अनेक वॉर्डांच्या गटाचं, नेतृत्व बोलावतं. तिथे अडचण असेल तर ती ज्याने विचारलं त्यालाच सांगा, बिशपला सांगून निरोप पाठवू नका.

कॉरिडॉरमध्ये, हातात डायपरची बॅग असताना कुणी विचारलं तर ‘बसून बोलूया का?’ एवढंच म्हणा. घाईत दिलेल्या होकारातूनच पुढचे निम्मे प्रश्न निघतात.

त्या भेटीत काय विचारावं?

प्रश्न विचारणं हा अविश्वास नाही. नेत्याने जबाबदारी समजावून सांगावी अशीच अपेक्षा आहे. निदान एवढं विचारून घ्या:

- रविवारच्या दोन तासांव्यतिरिक्त आठवड्यात किती वेळ जातो? कोणत्या संध्याकाळी?
- मी कुणाला जबाबदार आहे आणि माझ्यासोबत कोण आहे?
- आधी हे काम कोण करत होतं आणि त्यांच्याशी बोलता येईल का?
- मी गावाला गेले तर बदली कोण बघतं?
- साधारण किती काळासाठी?

शेवटच्या प्रश्नाला बहुतेकदा ठाम उत्तर मिळत नाही, कारण वॉर्डातल्या बऱ्याच कॉलिंगना मुदत नसते. बिशप साधारण पाच वर्षं असतो, पण नर्सरीतल्या शिक्षिकेला तारीख नसते. म्हणून ‘सहा महिन्यांनी एकदा बसून बघूया का?’ असं तुम्हीच सुचवा. बहुतेक बिशपना हे आवडतं आणि ते कॅलेंडरवर टाकतात.

लहान मुलांशी किंवा किशोरांशी संबंध येणारं काम असेल तर आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा. पाठिंब्याचे हात वर झाल्यापासून महिन्याभरात बालसुरक्षेचं ऑनलाइन प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं आणि दर तीन वर्षांनी पुन्हा. आणि वर्गात निदान दोन जबाबदार प्रौढ असायला हवेत. दुसरा माणूस अजून ठरलेला नाही असं कळलं, तर ‘तो ठरला की मी सुरू करते’ हे म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

उत्तर जागच्या जागी द्यावं लागतं का?

नाही. ‘घरी बोलून बुधवारपर्यंत सांगतो’ असं म्हणा, आणि बुधवारी खरंच सांगा. दिवस ठरवून न सांगणं हीच इथली सगळ्यात मोठी चूक. बिशपकडे अशा दहा जागा लटकलेल्या असतात आणि एकीवरून दुसरी अडते.

नाही म्हणायचंच असेल तर शब्द कसे वापरावेत?

थोडक्यात, आभारासह, आणि संशय न ठेवता. आपल्याकडे ‘बघतो’, ‘प्रयत्न करतो’ म्हटलं की समोरच्याला नकार कळतो. युटातल्या किंवा टेक्ससमधल्या बिशपला तो होकार वाटतो आणि रविवारी तुमचं नाव वाचलं जातं. असं बोला:

‘बिशप, विचारल्याबद्दल मनापासून आभार. आम्ही यावर प्रार्थना केली, बोललो. सध्या मला हे स्वीकारता येणार नाही. जूननंतर परिस्थिती बदलेल, तेव्हा पुन्हा विचारलंत तर आवडेल.’

शेवटचं वाक्य खरं असेल तरच घाला. पुन्हा विचारायला नकोच असेल तर तसं सांगा, नाहीतर जूनमध्ये फोन येईलच.

खोटं किंवा अर्धवट कारण देऊ नका, कारण कारणं सोडवली जातात. ‘गाडी नाही’ म्हणालात तर दुसऱ्या दिवशी तिघं न्यायला यायला तयार असतात. ‘इंग्रजी तेवढं चांगलं नाही’ म्हणालात तर सोबत शिकवायला जोडीदार मिळतो. ही माणसं मदत करायलाच बसलेली आहेत. खरं कारण ‘मी थकलोय’ असेल तर तेच म्हणा.

कारण किती सांगायचं? आजाराचं नाव सांगावं लागतं का?

नाही. ‘तब्येतीचं कारण आहे, सहा महिने तरी’ एवढं पुरेसं आहे. सांगितलंत तर ते बिशपपुरतंच ठेवा अशी विनंती स्पष्ट करा. बिशपने गुपित राखणं अपेक्षित आहे, पण सल्लागार आणि संघटनेच्या अध्यक्षांना ‘नकार आला’ हे कळवावंच लागतं, आणि काय कळवायचं हे तुम्ही ठरवून दिलंत तर बरं. लहानपणी काही वाईट घडलं असल्यामुळे मुलांच्या वर्गात बसणं जमत नाही, अशांनी ‘मला मुलांबरोबरचं काम देऊ नका’ एवढंच म्हणावं. पुढे स्पष्टीकरण देण्याची गरज नाही.

पूर्ण नकार न देता काय बदलून मिळू शकतं?

बरंच काही, आणि लोक हे फारच कमी मागतात.

वर्ग वाटून घेता येतो. प्रायमरीतला धडा जेमतेम वीस मिनिटांचा असतो. खरा भार तयारीचा आणि दर आठवड्याच्या हजेरीचा. दोन शिक्षकांनी आलटून पालटून रविवार घेतले की महिन्यात दोनच धडे उरतात. प्रौढांचा संडे स्कूलचा वर्ग तर मुळात महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या रविवारीच असतो. दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी रिलीफ सोसायटी (स्त्रियांची संघटना) आणि एल्डर्स कोरम असतं. त्यामुळे एकाआड एक रविवारी शिफ्ट असणाऱ्या नर्सला संडे स्कूल जमू शकतं आणि नर्सरी मुळीच जमत नाही, कारण दीड ते तीन वर्षांच्या मुलांची नर्सरी दर रविवारी असते आणि दुसरा तास पूर्ण तिथेच जातो. ज्यांना मोठ्या माणसांशी चार वाक्यं बोलायला मिळणं हीच आठवड्याची गरज आहे, अशा घरी लहान बाळ असलेल्या आयांनी नर्सरीला हो म्हणण्याआधी याचा विचार करावा.

भूमिका बदलून मिळते. ‘अध्यक्ष नको, सेक्रेटरी चालेल’ हे पूर्णपणे मान्य उत्तर आहे. सेक्रेटरीचं बरंचसं काम घरून होतं. पियानो वाजवता येतो पण दर रविवारी शक्य नाही, असं असेल तर महिन्याचे दोन रविवार घ्या; उरलेल्या रविवारी अॅपवरच्या रेकॉर्डिंगवर स्तोत्रं म्हणता येतात. क्लार्कचं, म्हणजे नोंदी आणि हिशोब ठेवण्याचं, काम घेताना नीट विचारा: दशांशाचे (उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाच्या देणगीचे) पैसे दोन माणसांनी मिळून मोजायचे असतात, त्यामुळे सभा संपल्यावर थांबावं लागतं आणि रविवारी नोकरी असणाऱ्याला हे साधत नाही.

सुरुवात पुढे ढकलता येते. भारतातून आईवडील चार-सहा महिन्यांसाठी यायचे असतील, तर ‘ते परत गेले की सुरू करतो’ ही पूर्णपणे समजण्यासारखी अट आहे. तारीख द्या म्हणजे झालं.

आणि आधीचं काम काढून घेतलं जाऊ शकतं. साधारण नियम असा की मिनिस्टरिंग (नेमून दिलेल्या कुटुंबांची विचारपूस) सोडून एका माणसाकडे एकच कॉलिंग असावं. दोन आहेत आणि तिसरं विचारलं जातंय, तर ‘यातलं कोणतं सोडू?’ हा प्रश्न नम्रपणे पण नक्की विचारा.

नवरा किंवा बायको सभासद नाही. त्यांचं मत धरतात का?

धरायलाच हवं. विवाहित माणसाला मोठी जबाबदारी देताना जोडीदाराशी बोलणं अपेक्षित आहे, तो सभासद असो वा नसो. विचारलं नसेल तर ‘घरच्यांसमोर एकदा समजावून सांगाल का?’ असं बिशपला म्हणा. अनेक मराठी घरांत एकजणच चर्चला जातो, आणि रविवार हा बाकी घराचा एकमेव मोकळा दिवस असतो. जोडीदाराला तुमचं नवं काम व्यासपीठावरच्या घोषणेतून किंवा शेजाऱ्याकडून कळलं, तर पुढचं वर्षभर प्रत्येक मीटिंगवरून कुरबूर होते.

हो म्हणून बसलो, आता जमणार नाही असं वाटतंय. काय करू?

कुठल्या टप्प्यावर आहात त्यावर अवलंबून. सभेत नाव वाचलं गेलं नसेल तर आजच फोन करा; यादीतून नाव काढणं एका मिनिटाचं काम आहे. शनिवारी रात्री कळवलंत तरी चालेल, रविवारी सकाळी गैरहजर राहून कळवू नका. नाव वाचलं गेलं असेल तर आता रीतसर रिलीज, म्हणजे कामातून मोकळीक, लागेल, तरी हरकत नाही. फक्त भेट मागा.

स्वतःच्या नावाला सभेत विरोधाचा हात वर करणं हा मार्ग नाही. विरोधाचा हात दिसला की सभेनंतर त्या माणसाशी वेगळं बोललं जातं, म्हणजे बोलणं टळत नाहीच, फक्त सगळ्यांसमोर होतं.

आधीपासून असलेलं कॉलिंग सोडायचंय. रीत काय?

मोकळं करा असं सुचवणं योग्य नाही, अशी जुनी समजूत आहे. परिस्थिती कळवणं मात्र तुमचं काम आहे, कारण ती दुसऱ्या कुणाला दिसत नाही. ज्यांच्या हाताखाली काम करता त्यांना आधी सांगा, म्हणजे अध्यक्षांना बातमी बिशपकडून कळण्याची वेळ येत नाही. मग बिशप किंवा ज्याने विचारलं होतं त्या सल्लागाराला भेटा. चार ते सहा आठवड्यांची मुदत द्या. मेसेज असा चालेल:

‘ब्रदर, पुढच्या महिन्यापासून माझी शिफ्ट बदलतेय आणि वर्गाला न्याय देता येणार नाही. महिनाअखेरपर्यंत मी आहेच. या रविवारी दहा मिनिटं भेटता येईल का?’

रिलीज आधी खासगीत सांगतात, मग सॅक्रमेंट मीटिंगमध्ये जाहीर होतं आणि लोक हात वर करून आभार मानतात. सोडताना इमारतीची किल्ली, वर्गाचं साहित्य, व्हॉट्सअॅप ग्रुपचं अॅडमिनपद आणि उरलेल्या खर्चाच्या पावत्या नव्या माणसाला किंवा अध्यक्षांना द्या. पावत्यांची भरपाई त्याच वर्षात मागून घ्या.

काही रिलीज आपोआप होतात. संघटनेची अध्यक्षा मोकळी झाली की तिच्या सल्लागारही मोकळ्या होतात. वर्गशिक्षक मात्र राहतात. वॉर्ड बदलून तुमची नोंद दुसरीकडे गेली की इथलं काम संपतं.

सोडून दोन महिने झाले, तरी ईमेल येतात आणि चर्चच्या मेंबर टूल्स अॅपमध्ये माझंच नाव दिसतं.

सभेत घोषणा झाली, पण क्लार्कने संगणकातल्या यादीत तारीख भरली नाही. बिशपला नाही, थेट वॉर्ड क्लार्कला सांगा. उलट बाजूही खरी: तुमचं नवं कॉलिंग नोंदवलं नसेल तर वर्गाची हजेरी आणि नावांची यादी तुम्हाला दिसणार नाही.

मिनिस्टरिंगचं काम बदलून मिळतं का?

मिळतं, आणि सगळ्यात सहज. एप्रिल २०१८ मध्ये जुनं होम टीचिंग बंद करून मिनिस्टरिंग आणलं गेलं, तेव्हापासून दर महिन्याला घरी जाऊन ठरावीक संदेश देण्याची सक्ती राहिली नाही. फोन, मेसेज, बागेत एक फेरी, काहीही चालतं. पुरुषांनी एल्डर्स कोरमच्या अध्यक्षमंडळाला, स्त्रियांनी रिलीफ सोसायटीच्या अध्यक्षमंडळाला सांगावं. तिमाही मुलाखत यासाठीच असते. ‘त्या कुटुंबाशी आमचं जुनं बिनसलंय’, ‘ते चाळीस मैलांवर राहतात’, ‘मिनिस्टरिंगमधला जोडीदार फोनच उचलत नाही’ ही सगळी पुरेशी कारणं आहेत. तुमच्या घरी कुणी येऊ नये असं वाटत असेल तर तेही इथेच सांगायचं.

भाषण, प्रार्थना, इमारतीची साफसफाई, मिशनऱ्यांना जेवण?

ही कॉलिंग नव्हेत. यांना हात वर करणं नाही आणि सेट अपार्टही नाही, त्यामुळे ‘या वेळी नाही जमणार’ एवढं उत्तर पुरतं. भाषणाला घाबरत असाल तर दहा मिनिटांऐवजी पाच मागा किंवा प्रार्थना मागा. साफसफाईच्या यादीत आपोआप नाव येतं. शनिवार जमत नसेल तर दुसऱ्या कुटुंबाशी अदलाबदल करून समन्वयकाला कळवा.

नकार दिला तर टेम्पल रेकमेंड (टेम्पलमध्ये जाण्याचा परवाना) जाईल का?

नाही. रेकमेंडच्या मुलाखतीत ‘कॉलिंग स्वीकारलं का’ असा प्रश्नच नाही. नेत्यांना पाठिंबा देता का हा प्रश्न आहे, आणि एखादी जबाबदारी सध्या पेलवत नाही असं प्रामाणिकपणे सांगणं पाठिंब्याच्या आड येत नाही.

आमची शाखा लहान आहे. मी नाही म्हणाले तर काम करायला दुसरं कुणीच नाही.

हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे, आणि इथल्या शाखांत रोजचा. नियमित येणारी पंधरा-वीस माणसं, त्यातली निम्मी एकाच घरातली, आणि मोठ्या वॉर्डाचा सगळा तक्ता भरायचा हट्ट. पण तक्ता भरायची सक्ती नाही. लहान शाखेने गरजेपुरतीच संघटना ठेवावी, अध्यक्षाला एकच सल्लागार असला तरी चालतो, मुलं तीनच असतील तर एकच वर्ग ठेवावा, हे हँडबुकला मान्य आहे. म्हणून शाखाध्यक्षांशी बोलताना ‘मला हे जमत नाही’ इथेच थांबू नका. ‘हा कार्यक्रम सहा महिने थांबवला तर कुणाचं खरंच अडेल?’ हे विचारा. बऱ्याचदा कुणाचंच अडत नाही. रविवारची सॅक्रमेंट मीटिंग, मुलांचा वर्ग आणि आजाऱ्यांची विचारपूस एवढं चाललं तरी शाखा जिवंत राहते. दोन तास बसने प्रवास करून येणाऱ्याला सभेनंतरच्या तिसऱ्या बैठकीला बसवून ठेवलं, तर पुढच्या महिन्यात तो सभेलाही येत नाही.

नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांना लवकर काहीतरी काम दिलं जातं. यामागे चर्चचे माजी अध्यक्ष गॉर्डन बी. हिंकली यांनी सांगितलेलं सूत्र आहे की नव्या सभासदाला मित्र, जबाबदारी आणि देवाच्या वचनाचं पोषण हवं. ते काम छोटंसंच असावं. सहा आठवड्यांपूर्वी आलेल्याकडे शाखेचा हिशोब दिला जात असेल, तर त्याच्या बाजूने जुन्या सभासदाने बोलावं.

मुलीला युवतींच्या वर्गात अध्यक्ष व्हायला सांगितलंय, पण बोर्डाचं वर्ष आहे.

मुलांना विचारण्याआधी आईवडिलांची संमती घ्यायची असते. घेतली नसेल तर बिशपला सांगा. पण निर्णय मुलीशी बोलून घ्या; परीक्षा संपेपर्यंत सल्लागार आणि मग अध्यक्ष, असा मधला मार्ग तिलाच बरेचदा सुचतो.

स्पष्ट सांगूनही बिशप पुन्हा पुन्हा विचारतात. पुढे कुणाकडे जायचं?

आधी तेच वाक्य, तेवढ्याच शब्दांत, पुन्हा सांगा. नवी कारणं जोडली की नव्याने चर्चा सुरू होते. तरीही थांबलं नाही तर स्टेक अध्यक्षांची भेट मागता येते. त्यांच्या एक्झिक्युटिव्ह सेक्रेटरीला मेसेज केला की वेळ मिळते. भारतातला पहिला स्टेक २०१२ मध्ये हैदराबादला झाला, पण सगळ्या शाखा स्टेकखाली नाहीत. तुमची शाखा डिस्ट्रिक्टखाली (स्टेक नसलेल्या भागातल्या शाखांच्या गटात) असेल तर डिस्ट्रिक्ट अध्यक्षांकडे, आणि त्यांच्याही पुढे मिशन अध्यक्षांकडे जा. जाताना बिशपना आधी कळवा की आपण जातोय.